ट्यूनिसच्या वेशीवरचा सलाम

सन १३२५. उन्हाळ्याचे दिवस. भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावरच्या ट्यूनिस शहराबाहेर लोकांची गर्दी झाली होती. सुलतानाचे वकील म्हणून परमुलखात गेलेली शहरातली माणसे परत येत होती. त्यांना आणायला कोणी भाऊ, कोणी शेजारी, कोणी शिष्य वेशीबाहेर आले होते. दोन वकिलांपैकी एक जण वाटेतच वारला होता. त्याचा मुलगा बापाला परक्या गावात माती देऊन परतत होता. त्याचे सांत्वन करायलाही माणसे आली होती. सलाम होत होते, गळाभेटी होत होत्या, खुशाली विचारली जात होती.

त्याच काफिल्यात एकवीस वर्षांचा एक तरुण जनावराच्या पाठीवर बसून हे सगळे पाहत होता. अंगात ताप होता. अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून वाटेत त्याने फेट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले होते. या शहरात त्याला ओळखणारे कोणी नव्हते. माणसे त्याच्या डावी-उजवीकडून पुढे जात होती, एकमेकांना भेटत होती, पण त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही. इतके दिवस सोसलेले सगळे एकदम वर आले आणि त्याला रडू फुटले.

गर्दीतल्या एका हाजींच्या ते लक्षात आले. ते पुढे झाले, त्याला सलाम केला, विचारपूस केली. शहरात शिरेपर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले, त्याचे मन रमवत राहिले.

त्या तरुणाचे नाव मुहम्मद बिन अब्दुल्ला. जग त्याला इब्न बतूता म्हणून ओळखते. पुढच्या सुमारे तीस वर्षांत त्याने आफ्रिका, अरबस्तान, इराण, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव आणि चीनपर्यंतचा मुलूख पालथा घातला. त्याच्या प्रवासाची बेरीज लाखाहून अधिक किलोमीटर होते, असा अंदाज सांगितला जातो. पण जगातल्या या मोठ्या प्रवाशाच्या पहिल्या मोठ्या मुक्कामाची सुरुवात अशी झाली होती: ताप, रिकामा खिसा, डोळ्यांत पाणी आणि एका अनोळखी माणसाचा सलाम.

एकटा निघालेला मुलगा

इब्न बतूताचा जन्म १३०४ सालचा, मोरोक्कोतल्या तंजा शहरातला. घराणे काझींचे होते. मालिकी पंथाच्या धर्मकायद्याचे शिक्षण घरच्या परंपरेनुसार झाले होते. २ रजब ७२५ हिजरी, म्हणजे १४ जून १३२५ रोजी तो हजसाठी घरून निघाला. सोबती नव्हता, काफिला नव्हता. आई-वडील दोघेही हयात होते आणि त्यांना सोडून जाताना जीव तुटत होता, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्या दिवशी झालेली भेट शेवटची ठरली. वडील वारल्याची बातमी त्याला दमास्कसमध्ये समजली तेव्हा त्या मृत्यूला पंधरा वर्षे होऊन गेली होती. आई महामारीत गेली. तो मोरोक्कोत परतला, पण घरी पोचण्याआधीच ती बातमी त्याला वाटेत गाठली.

आज पाठीवर पिशवी टाकून, स्वस्तातल्या खोल्या शोधत एकट्याने देशोदेशी हिंडणारी तरुण मुले-मुली आपण पाहतो. त्यांच्याजवळ नकाशा असतो, फोन असतो, रात्री घरी बोलता येते. इब्न बतूताजवळ एक जनावर होते, थोडे सामान होते आणि कामापुरते शिक्षण होते. तेवढ्यावर तो दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून ट्यूनिसला पोचला.

उन्हाची वाट

ही वाट सोपी नव्हती. भूमध्य समुद्र म्हटले की आपल्यासमोर निळे पाणी आणि गार वारा येतो. पण उत्तर आफ्रिकेतला उन्हाळा कडक असतो. सहारा वाळवंटाकडून गरम वारे सुटले की किनाऱ्यावरची शहरेही भाजून निघतात. तिलिमसान या शहरात इब्न बतूताला ट्यूनिसच्या सुलतानाचे ते दोन वकील दिसले. त्यांची सोबत मिळावी म्हणून तो मागोमाग निघाला आणि मिलियाना गावी त्यांना गाठले. तिथे ऐन उन्हाळ्याच्या तडाख्याने दोघेही वकील आजारी पडले. दहा दिवस मुक्काम करून पुढे निघाले, तर चार मैलांवर एकाची प्रकृती बिघडली आणि तिथेच तो वारला. बापाचा मृतदेह घेऊन मुलगा मिलियानाला परत फिरला. इब्न बतूता ट्यूनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर पुढे गेला, अल्जिअर्सबाहेर काही दिवस थांबला आणि मागून आलेल्या मंडळींना पुन्हा जाऊन मिळाला.

बिजाया शहरात ताप त्यालाच चढला. उरलेले वकील शेख जुबैदी यांनी सांगितले, बरा होईपर्यंत इथेच थांब. त्याने ऐकले नाही. मरण यायचेच असेल तर मक्केच्या वाटेवर येऊ दे, असे त्याचे म्हणणे. तेव्हा शेखांनी व्यवहाराचा सल्ला दिला: जनावर आणि जड सामान विकून टाक, जनावर आणि तंबू मी तुला वापरायला देतो; वाटेत लुटारूंची भीती आहे, आम्ही भरभर जाणार, तू हलका राहा. मुलाने तसे केले. कमी पैशात प्रवास करणाऱ्याला आजही कोणी जाणता माणूस पहिला धडा हाच देईल: ओझे कमी कर.

बिजायामध्येच त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. सोबतच्या व्यापाऱ्यांपैकी एक जण तिथे वारला. त्याच्याजवळ सोन्याचे तीन हजार दीनार होते. ते ट्यूनिसमधल्या वारसांना पोचवायचे म्हणून त्याने एका विश्वासू माणसाच्या हाती दिले होते. तिथल्या हाकिमाने ते बळजबरीने काढून घेतले. राज्यकर्त्यांच्या जुलमाचे आपण पाहिलेले हे पहिले उदाहरण, अशी नोंद इब्न बतूताने केली आहे.

पुढच्याच मोठ्या मुक्कामात नेमके उलटे घडले. कुसंतीना शहराबाहेर रात्री मुसळधार पाऊस आला. तंबू सोडून सगळ्यांना आसऱ्याला पळावे लागले. सकाळी शहराचा हाकिम भेटायला आला. या मुलाचे चिखलाने माखलेले कपडे पाहून त्याने ते आपल्या घरी धुवायला लावले. अंगावरची चादर विरलेली होती, तिच्याजागी उत्तम बालबेकी कापडाची चादर पाठवली. चादरीच्या पदराला गाठ होती; सोडून पाहिली तर सोन्याचे दोन दीनार. वाटेत मिळालेली ही पहिली मदत, असे तो म्हणतो. तीन हजार दीनार ओरबाडणारा हाकिम आणि दोन दीनार पदराला बांधून पाठवणारा हाकिम, दोघेही त्याला एकाच प्रवासात भेटले. दुसऱ्याने हातावर पैसे ठेवले नाहीत, पदराला बांधून दिले. देणाऱ्याने घेणाऱ्याची मान खाली जाऊ दिली नाही.

बोना शहरात व्यापारी मागे राहिले. पुढची वाट धोक्याची होती, थांबायची सोय नव्हती. ताप अंगात असताना खाली उतरण्याचीही भीती वाटत होती. तेव्हाच त्याने स्वतःला खोगिराला बांधून घेतले आणि त्याच स्थितीत ट्यूनिस गाठले.

पुस्तकविक्यांच्या मदरशात

ट्यूनिस त्या काळी हफ्सी घराण्याची राजधानी होती. सुलतान अबू याह्या गादीवर होता. जवळच प्राचीन कार्थेजचे अवशेष होते आणि त्यांतलेच कितीतरी दगडी खांब शहराच्या मधोमध असलेल्या जैतूना मशिदीत लावलेले होते. ही मशीद तेव्हाच काही शतकांची जुनी होती. तिच्याभोवती बाजार वसलेले: अत्तरवाल्यांची गल्ली मशिदीला लागून, इतर व्यवसायांच्या गल्ल्या त्यापुढे. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून गल्ल्या अरुंद, बाजारांवर छत, घरांची तोंडे रस्त्याकडे नव्हे तर आतल्या चौकाकडे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. हा जुना भाग आजही उभा आहे. १९७९ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

परगावच्या, पैसे नसलेल्या तरुणाने अशा शहरात उतरायचे कुठे? इब्न बतूता उतरला तो पुस्तकविक्यांच्या मदरशात. मदरसा म्हणजे त्या काळचे महाविद्यालय आणि वसतिगृह एकत्र. मधे चौक, भोवती शिकणाऱ्यांच्या खोल्या. अशा संस्थांचा खर्च वक्फमधून चाले. वक्फ म्हणजे कोणी तरी आपले दुकान, शेत, घर लोकांच्या कामासाठी कायमचे लावून दिलेले. त्याचे उत्पन्न त्याच कामाला जायचे. आपल्याकडे धर्मशाळेला, पाणपोईला, देवस्थानच्या अन्नछत्राला जमिनी लावून देण्याची रीत होती, तिच्याशी याचे नाते सहज लक्षात येईल. देणारा कधीच गेलेला असतो. पण अनोळखी मुसाफिराला रात्री छप्पर मिळते.

इब्न बतूताजवळ पैसा नव्हता, पण शिक्षण होते. उत्तर आफ्रिकेच्या या भागात मुख्यतः मालिकी पंथाचा धर्मकायदा चालत असे. तंजाला शिकलेले ट्यूनिसमध्ये उपयोगी पडत होते. विद्वानांच्या बैठकीत बसण्यासाठी त्याला वेगळ्या परवान्याची गरज नव्हती.

त्या दिवसांची एक गंमतीशीर आठवण त्याने सांगितली आहे. शहरातले एक मोठे आलिम दर शुक्रवारी नमाजनंतर मोठ्या मशिदीतल्या एका खांबाला टेकून बसत. लोक येऊन आपापले प्रश्न विचारत: वाटणीचे, व्यवहाराचे, धर्माचरणाचे. ते एकेकाला उत्तर देत. चाळीस उत्तरे झाली की त्या दिवसाची बैठक संपली! इतक्या प्रवासात हा तपशील त्याच्या लक्षात राहिला, यावरून नव्या शहरात आलेला हा मुलगा कुठे जाऊन बसत होता ते कळते. पैसे नसणाऱ्याला नव्या गावात ज्या जागा मोकळ्या असतात त्यांत मशीद, ग्रंथ आणि जाणत्या माणसांची बैठक यांचा नंबर फार वरचा.

परक्या गावातली ईद

त्या वर्षी रमजान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. दिवस मोठे, ऊन कडक, तहान मोठी. प्रवासात असलेल्याला आणि आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. सुटलेले रोजे पुढे सवडीने पूर्ण करायचे. कुरआनमध्ये रोजाचा आदेश ज्या ठिकाणी येतो, तिथेच ही सवलतही येते. अनेक बिगरमुस्लिम मित्रांना ही गोष्ट माहीत नसते. उपाशी राहून कोणाचा जीव धोक्यात यावा, असा या महिन्याचा हेतू नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईद-उल-फित्र आली तेव्हा इब्न बतूता ट्यूनिसमध्येच होता. तो ईदगाहवर गेला. सारे शहर उत्तमोत्तम कपडे घालून आले होते. सुलतान अबू याह्या घोड्यावर बसून आला. त्याचे नातेवाईक, दरबारी आणि अधिकारी शिस्तीने पायी चालत होते. नमाज झाली, खुतबा झाला आणि लोक आपापल्या घरी परतले.

घरापासून दूर ईद केलेल्या कोणालाही या शेवटच्या क्षणाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ईदगाहवर खांद्याला खांदा लावून उभे असताना कोणी परका नसतो. परकेपण जाणवते ते नमाज संपल्यावर, माणसे घराकडे वळल्यावर. प्रत्येकाला शिरखुर्म्यासाठी कोणी तरी वाट पाहत असते. दिवाळीच्या पहाटे परगावच्या खोलीत एकट्याने उठलेल्या माणसालाही हेच जाणवते. इब्न बतूतासाठी त्या दिवशी घर म्हणजे मदरसाच होता.

पण हा मुलगा तिथेच खचून बसला नाही. पुढच्या काही आठवड्यांत हजला जाणारा काफिला तयार झाला. त्यात मोठ्या संख्येने मोरोक्कोकडचे मसमूदा लोक होते. काफिल्यातले तंटे सोडवायला काझी हवा होता. लोकांनी नेमले ते इब्न बतूतालाच. जिलकदच्या अखेरीस, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो ट्यूनिसमधून बाहेर पडला. येताना ज्याला कोणी सलाम केला नव्हता, तो जाताना काफिल्याचा काझी होता. मधे गेले होते काही आठवडे, एक खोली, काही बैठका आणि पहिल्या दिवशी मिळालेला तो आधार.

पुढच्या वर्षीचा रमजान

बरोबर एका वर्षाने, ९ रमजान ७२६ हिजरी रोजी, म्हणजे ऑगस्ट १३२६ मध्ये, तो दमास्कसला पोचला. पुन्हा ऑगस्टचे ऊन, पुन्हा परके शहर. इथली एक रीत पाहून तो भारावला. दमास्कसमध्ये रमजानच्या रात्री कोणीही एकट्याने इफ्तार करत नसे. सरदार आणि काझी आपल्या मित्रांना, फकिरांना घरी बोलावत. व्यापारी आणि मोठे दुकानदारही तेच करत. ज्यांची ऐपत नव्हती ते रोज कोणा एकाच्या घरी किंवा मशिदीत जमत, ज्याच्याजवळ जे असेल ते आणत आणि मिळून रोजा सोडत.

तिथल्या एका मालिकी अध्यापकांनी, नूरुद्दीन सखावी यांनी, त्याला रोज रात्री इफ्तारला येण्याचा आग्रह केला. चार रात्री तो गेला. पाचव्या दिवशी पुन्हा ताप आला आणि जाणे झाले नाही. नूरुद्दीन यांनी माणूस पाठवला, घरी आणवले आणि हे घर तुझ्या बापाचे, भावाचे समज असे सांगून ठेवून घेतले. वैद्य बोलावला. औषध, पथ्याचे जेवण घरातच होऊ लागले. ईदपर्यंत तो तिथे राहिला. बरा झाला तेव्हा जवळचे पैसे संपले होते. त्या गृहस्थांनी पुढच्या वाटेसाठी उंट भाड्याने करून दिले, शिधा दिला आणि वर अडीअडचणीला थोडे पैसेही दिले.

दमास्कसमधल्या वक्फांची यादी तर पाहण्यासारखी आहे. गरीब मुलींच्या लग्नाच्या साहित्यासाठी वक्फ, कैद्यांच्या सुटकेसाठी वक्फ, रस्त्यांच्या फरसबंदीसाठी वक्फ, वाटसरूंच्या जेवण-कपड्यांसाठी वक्फ. एके दिवशी गल्लीत एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. लोक जमले. कोणी तरी सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे चल. तो माणूस मुलासोबत गेला, तुकडे दाखवले आणि नव्या ताटाचे पैसे मिळाले. घरी गेल्यावर मुलाला मार बसला असता किंवा शिव्या तरी खाव्या लागल्या असत्या. त्याचे मन मोडू नये म्हणून कोणी तरी आधीच पैसे लावून ठेवले होते.

वाटेचा पुत्र

रमजानमध्ये जकात काढण्याची रीत आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘इब्नुस्सबील’. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र, म्हणजे वाटसरू. स्वतःच्या गावी तो खाऊनपिऊन सुखी असला तरी वाटेत अडला असेल तर त्याचा हक्क आहे. इथे शब्द हक्क हा आहे, उपकार नव्हे. ट्यूनिसच्या वेशीवर रडणारा मुलगा काझी घराण्यातला होता. त्या क्षणी मात्र तो वाटेचा पुत्र होता.

मुसाफिर, मुक्काम, सफर हे शब्द अरबीतून निघून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन राहिले. पत्रावर ‘मु. पो.’ लिहिताना त्यातला ‘मुक्काम’ परका आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. शब्द मुक्कामाला आले आणि घरचे झाले.

इब्न बतूताही पुढे आपल्या मुलखात आला. १३३३ मध्ये तो सिंधू नदीकाठी पोचला, दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. १३४२ मध्ये चीनकडे वकील म्हणून निघाल्यावर तो दौलताबादला थांबला, नंदुरबारहून पुढे गेला. मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे की हे लोक कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात निपुण आहेत. भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार. जेवणाआधी स्नान करतात. ज्या मुलाला पहिल्या शहरात कोणी ओळखले नव्हते, त्याने पुढे इतक्या मुलखांतल्या माणसांकडे इतके बारकाईने पाहिले.

मोरोक्कोच्या सुलतानाच्या सांगण्यावरून त्याने फास शहरात आपल्या प्रवासाची हकीकत इब्न जुजई या लेखकाला सांगितली. ‘रिहला’ हा ग्रंथ १३५५ मध्ये पूर्ण झाला. तोवर ट्यूनिसच्या त्या दिवसाला तीस वर्षे झाली होती. मधल्या काळात त्याने बादशहा पाहिले होते, संपत्ती मिळवली आणि गमावली होती. तरीही तो सलाम त्याला आठवत होता. ग्रंथात कितीतरी सुलतानांची, काझींची, शेखांची नावे आहेत. त्या हाजींचे नाव मात्र नाही. आपण पुस्तकात जाऊ, हे त्यांनाही माहीत नव्हते. समोर एक मुलगा रडत होता, एवढेच त्यांनी पाहिले.

रमजानच्या संध्याकाळी मगरिबच्या अजानला दस्तरखान मांडले जातात. आपल्या गावातही परगावहून शिकायला आलेली मुले आहेत, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर आहेत, रात्रीच्या गाडीची वाट पाहणारे वाटसरू आहेत. त्यांत कोणी रोजेदार असेल, कोणी नसेल. खजूर पुढे करायला जात-धर्म विचारण्याची गरज नाही आणि सलामाऐवजी नमस्कार केला तरी चालतो. कुठून आलात, जेवलात का, एवढे विचारले तरी पुरे.